नव्याने हाती आलेली जमीन: आधी गळती थांबवा, मग भर घाला

जमीन हाती आली की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हिच्यात काय घालू? कोणतं खत, किती, कधी? प्रश्न रास्त आहे, पण तो नंतरचा आहे. त्याआधी विचारायचं ते हे, की हिच्यातून काय निघून जातंय? माती वाहून जाते. पाणी मुरायच्या आत पळून जातं. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-मुळांतून मातीत आलेला कार्बन, हवेत विरतो. अन्नद्रव्यं पिकाबरोबर शेताबाहेर पडतात. आणि काही ठिकाणी तर जमीनच खणून ट्रकमध्ये भरून नेली जाते. या वाटा ज्याला दिसू लागल्या, त्याचं निम्मं काम झालं असं समजा.

हा लेख ज्यांनी याआधी कधी जमीन सांभाळलेली नाही त्यांच्यासाठी आहे. पायऱ्यांचा क्रम मुद्दाम असा लावलाय: आधी बघणं, मग मोजणं, मग गळती थांबवणं, आणि सगळ्यात शेवटी भर घालणं. पहिल्या वर्षात कुणी बाटलीतलं एखादं चमत्कारी औषध पुढे केलं तर नम्रपणे नको म्हणा. जमिनीला काय होतंय हे कळायच्या आधी तिला औषध कसलं देणार?

पायरी १: पाऊस पडत असताना शेतात जा

जमिनीबद्दल सगळ्यात जास्त कळतं ते जोरदार पाऊस चालू असताना. पावसानंतर जाऊन तेवढं कळत नाही. छत्री घ्या, चिखलाचे बूट घाला आणि उताराच्या वरच्या टोकापासून खाली चालत या. पाणी कुठे मुरतंय, कुठे साचतंय, कुठून पळायला सुरुवात करतंय हे बघा. पळणारं पाणी आधी पातळ चादरीसारखं सरकतं, मग बोटभर रुंदीच्या ओघळी धरतं. त्या ओघळी एकत्र आल्या की घळ पडते. ओघळ बुजवायला एक सकाळ पुरते, घळ बुजवायला काही वर्षं जातात. म्हणून ओघळी शोधायच्या.

सोबत काचेची एक स्वच्छ बरणी असू द्या. शेताच्या खालच्या टोकाला, जिथून पाणी बाहेर पडतं, तिथे ती भरून घ्या. घरी आणून दोन दिवस न हलवता ठेवा. तळाशी जो थर बसेल, ती तुमची माती आहे. माणूस सांगून जे पटत नाही ते या बरणीने पटतं.

थोडं गणित इथेच करून टाकू. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी पडतं. आणि एक हेक्टरवरून एक मिलिमीटर माती गेली की दहा घनमीटर, म्हणजे साधारण १२ ते १४ टन माती जाते. एक मिलिमीटर गेलेला डोळ्यांना कळतही नाही. उलट खडक झिजून, त्यात जीवजंतू आणि मुळं काम करून एक सेंटिमीटर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. धूप हे जमिनीचं पहिलं आणि सगळ्यात मोठं नुकसान आहे ते यामुळे. बाकी बहुतेक गोष्टी सुधारता येतात, गेलेली माती आपल्या हयातीत परत येत नाही.

हे एका शेताच्या पातळीवर राहत नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मधल्या पठारावर गवताळ जमिनी नांगरून उघड्या टाकल्या होत्या. दुष्काळ पडला आणि वाऱ्याने ती माती ढगांसारखी उचलून नेली. १४ एप्रिल १९३५ च्या धुळीच्या वादळाला तिथले लोक ‘काळा रविवार’ म्हणतात. त्याच महिन्यात तिथे मृदसंधारणाचा कायदा झाला आणि त्यासाठी झटणारे ह्यू हॅमंड बेनेट नव्या मृदसंधारण खात्याचे प्रमुख झाले.

पाऊस थांबला की एका कागदावर शेताचं चित्र काढा. उताराचे बाण, पाणी साचणाऱ्या जागा, ओघळी, मातीचा रंग बदलतो त्या रेषा. सुबक नसलं तरी चालेल. पुढची प्रत्येक पायरी या कागदावर टेकून आहे.

पायरी २: एक खड्डा खणा आणि त्यात उतरा

नवखे लोक ही पायरी हमखास गाळतात, आणि मला विचाराल तर हीच सगळ्यात मोलाची. साधारण ६० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या. त्याची एक भिंत उभी, सरळ राखा आणि तिच्यावर ऊन पडेल असं बघा. फावड्याने ती भिंत घासून गुळगुळीत झालेली असते, म्हणून चाकूच्या टोकाने माती हलकेच उचकटून काढा. मगच तिची खरी रचना दिसते.

आता वरून खाली चाकू टोचत या. वरचे काही सेंटिमीटर सहज जाईल. मग १५ ते २५ सेंटिमीटरच्या दरम्यान कुठेतरी हात एकदम अडतो का? चाकूला जोर लावावा लागतो, आणि तो थर पार केला की पुन्हा माती मऊ लागते. हा नांगराच्या तळाशी वर्षानुवर्षं दाबून तयार झालेला कडक थर. तिथली मुळं बघा. सरळ खाली आलेलं मूळ त्या थरावर पोचून काटकोनात वळलेलं असतं आणि आडवंच पुढे गेलेलं असतं. वर पीक पाण्याला आसुसलेलं आणि खाली हातभर अंतरावर ओल, असा प्रकार या थरामुळे होतो. अशा शेतात पाणी आणि खत वाढवून काही साधत नाही.

रंगही वाचा. वरचा थर खालच्यापेक्षा गडद असेल तर त्यात सेंद्रिय पदार्थ आहे. खाली राखाडी-निळसर ठिपके आणि गंजासारखे डाग दिसले तर तिथे वर्षातला बराच काळ पाणी तुंबतं. पांढरे कण किंवा धागे दिसले तर चुनखडी किंवा क्षार असू शकतात. मूठभर माती नाकाजवळ धरा. जिवंत मातीला पहिल्या पावसाचा वास येतो, तुंबलेल्या मातीला आंबूस किंवा कुजका.

शेवटी २० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल असा मातीचा ठोकळा काढून गोणपाटावर फोडा आणि गांडुळं मोजा. ओलीच्या दिवसांत दहाच्या आसपास किंवा जास्त सापडली तर चांगलं लक्षण. कोरड्या दिवसांत ती खोल जातात, तेव्हा मोजू नका. गांडुळं किती काम करतात हे चार्ल्स डार्विन यांनी फार चिकाटीने पाहिलं होतं. १८४२ मध्ये त्यांनी घराजवळच्या कुरणावर खडूचे तुकडे पसरले आणि २९ वर्षांनी तिथे चर खणला. ते तुकडे जमिनीखाली सुमारे १८ सेंटिमीटरवर सापडले. वरची सगळी माती गांडुळांनी आणून टाकलेली होती.

शेतात मातीचे जेवढे प्रकार दिसतात तेवढे खड्डे घ्या. दोन-तीन पुरतात.

पायरी ३: हाताने करायच्या तीन चाचण्या

पोत. मूठभर माती ओली करून कणकेसारखी मळा आणि अंगठा व बोटाच्या मध्ये दाबत तिची पट्टी पुढे सरकवा. पट्टी होतच नसेल आणि माती खरखरीत लागत असेल तर वाळूचं प्रमाण जास्त. दोन-अडीच सेंटिमीटरवर तुटली तर पोयट्याची. पाच सेंटिमीटरच्या पुढे टिकली तर चिकणमाती. वाळूचा कण दोन मिलिमीटरपर्यंत असतो, चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान. या आकारावर पाणी आणि अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकद अवलंबून असते. पोत बदलता येत नाही. चिकणमातीत वाळू मिसळून ती हलकी करायचा खटाटोप करू नका, शेताच्या पातळीवर तो परवडत नाही आणि जमतही नाही.

टिकाऊपणा. उन्हात वाळलेलं सुपारीएवढं ढेकूळ पाण्याच्या पेल्यात अलगद सोडा. दहा मिनिटांनी ते बऱ्यापैकी शाबूत असेल तर मातीचे कण सेंद्रिय डिंकाने बांधलेले आहेत. लगेच कोसळून ढीग झाला तर पावसाच्या थेंबानेही तेच होणार. आणि पाणी दुधासारखं गढूळ होऊन तसंच राहिलं तर सोडियम जास्त असण्याची शंका घ्या. अशा जमिनीला चोपण म्हणतात, तिचं पुढे येईलच.

मुरण्याचा वेग. १५ सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा किंवा प्लास्टिक पाइपचा तुकडा जमिनीत थोडा ठोकून बसवा. त्यात ४४० मिलिलिटर पाणी ओता, म्हणजे अडीच सेंटिमीटर पाऊस झाला. पहिलं पाणी मुरलं की पुन्हा तेवढंच ओता आणि या दुसऱ्या पाण्याची वेळ लावा. शेताच्या मध्ये एकदा करा, बांधावरच्या गवतात एकदा करा. दोन्हींतला फरक बघून बहुतेकांना धक्का बसतो. माती तीच असते, एकीकडे मुळं आणि आच्छादन असतं आणि दुसरीकडे नसतं.

पायरी ४: माती परीक्षण, नीट नमुना घेऊन

प्रयोगशाळेचा अहवाल नमुन्याइतकाच खरा असतो. बांधाजवळून, झाडाखालून, खताच्या ढिगाच्या जागेवरून नमुना घेऊ नका, आणि नुकतंच खत टाकलं असेल तरीही नको. शेतात नागमोडी चालत १५ ते २० ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करा आणि त्याच्या एका बाजूची वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीची चकती काढा. सगळं प्लास्टिकच्या बादलीत गोळा करा. जस्ताचा मुलामा असलेली बादली वापरली तर जस्ताचा आकडा खोटा येतो. माती सावलीत वाळवा, ढीग करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्या, उरलेले पुन्हा मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत असंच करत राहा. वेगळ्या रंगाच्या, वेगळ्या उताराच्या जमिनीचा नमुना वेगळा.

अहवालात आधी तीन आकडे बघा. सामू, म्हणजे पीएच, मातीचा आम्ल-विम्लपणा दाखवणारा आकडा. तो ६.५ ते ७.५ असेल तर बहुतेक अन्नद्रव्यं पिकाला मोकळी मिळतात. ५.५ च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळून मुळांना त्रास देतं आणि स्फुरद (फॉस्फरस) अडकतो, तिथे चुना लागतो. आठच्या वर स्फुरद, लोह, जस्त जमिनीत असूनही मिळेनासे होतात. दुसरा आकडा विद्युत वाहकतेचा, म्हणजे क्षारांचा. संपृक्त लगद्याच्या अर्कात, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्यात, ती ४ डेसिसिमेन प्रति मीटरच्या वर असेल तर जमीन क्षारयुक्त धरतात. पण प्रयोगशाळा माती-पाण्याचं वेगळं प्रमाण वापरत असेल तर आकडे जुळत नाहीत, म्हणून पद्धत विचारून घ्या. तिसरा सेंद्रिय कर्ब. काही अहवाल कर्ब देतात, काही सेंद्रिय पदार्थ. कर्बाला १.७२४ ने गुणलं की सेंद्रिय पदार्थाचा अंदाज येतो. या गोंधळात दोन अहवालांची तुलना करून लोक उगाच खूश किंवा निराश होतात.

पायरी ५: पळणाऱ्या पाण्याला चालायला लावा

आता हात चालवायची वेळ आली. नियम साधा आहे: उताराच्या दिशेने काहीही करायचं नाही. नांगरट, पेरणी, सरी, सगळं उताराला आडवं, समपातळी रेषेवर. त्यामुळे नांगराची प्रत्येक ओळ हा छोटासा बांधच होतो.

समपातळी रेषा आखायला महाग यंत्र लागत नाही. सारख्या लांबीच्या दोन काठ्या घ्या. वर एकत्र बांधा, खाली पाय साधारण दोन मीटर फाकवा आणि मध्ये आडवी काठी बांधा. वरच्या गाठीपासून दोरीला दगड लटकवा, दोरी आडव्या काठीला ओझरती लागली पाहिजे. चौकट जमिनीवर उभी करून दोरी आडव्या काठीवर जिथे येते तिथे खूण करा. मग पायांची अदलाबदल करा, डावा पाय उजव्याच्या नेमक्या जागी आणि उजवा डाव्याच्या जागी, आणि दुसरी खूण करा. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी खूण. दोरी या मधल्या खुणेवर असेल तेव्हा दोन्ही पाय एका पातळीत आहेत. आता एक पाय जागेवर ठेवून दुसरा फिरवत, पातळी जुळली की खुंटी ठोकत, शेतभर चाला. ठोकलेल्या खुंट्यांची रेषा वेडीवाकडी दिसेल. तिला सरळ करायचा मोह टाळा, जमीनच तशी आहे.

या रेषांवर मातीचे बांध घालता येतात, पण सौम्य उतारावर दाट मुळांच्या गवताचा पट्टा बरेचदा जास्त चांगलं काम करतो. पाणी गवतातून गाळून पुढे जातं, माती मागे राहते, आणि काही वर्षांत पट्ट्याच्या वरच्या अंगाला आपोआप सपाटी तयार होते. बांध घातलाच तर जादा पाण्याला बाहेर पडायला दगडांची पक्की वाट ठेवा. वाट न ठेवलेला बांध फुटतो, आणि फुटला की एका रात्रीत घळ पाडतो. तीव्र उतारावर पेरणीच करू नये, ती जागा झाडांची आणि कुरणाची.

पायरी ६: उघडं ठेवू नका, ओल्यात शिरू नका

पावसाचा थेंब उघड्या मातीवर आदळला की ढेकळं फोडतो, बारीक कण छिद्रांत बसतात आणि वर पापुद्रा धरतो. मग पाणी मुरत नाही. तो थेंब काडीकचऱ्यावर पडला तर यातलं काहीच होत नाही. म्हणून कापणीनंतरची धसकटं, पाचट, पालापाचोळा जमिनीवर राहू द्या. दोन पिकांच्या मध्ये मोकळा काळ असेल तर झाकणारं एखादं पीक पेरा, शेंगवर्गीय असेल तर उत्तम.

नांगरट जितकी कमी तितकं बरं. प्रत्येक नांगरटीत मातीला हवा लागते, सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थावर तुटून पडतात आणि कर्ब वायू होऊन निघून जातो. त्या हंगामात पीक जोमदार दिसतं, कारण साठा खर्च होत असतो. कडक थर असेल तर तो एकदा, कोरड्या दिवसांत, खोल दात्याच्या अवजाराने फोडणं योग्य. पण लगेच खोल मुळांचं पीक घेतलं नाही तर तो पुन्हा बसतो.

आणि वाफसा, म्हणजे पावसानंतर जमीन कामाला लायक होते तेवढीच ओल. मराठीत या एका शब्दात जेवढं शेतीशास्त्र आहे तेवढं पानभर लिहून मावणार नाही. मूठभर माती दाबा. गोळा झाला पाहिजे, पण अंगठ्याने ढकलताच फुटून भुगा झाला पाहिजे. गोळा चिखलासारखा चेपला तर अजून थांबा. मी एकदा पेरणी लांबते या काळजीने वाफसा यायच्या आत ट्रॅक्टर घातला. फाळाच्या कडेची माती साबणासारखी चकचकीत निघत होती, तेव्हाच थांबायला हवं होतं. चाकोऱ्यांच्या पट्ट्यांतलं पीक पुढे तीन वर्षं बाकीच्यापेक्षा वीतभर खुजं राहिलं. चार दिवस थांबलो असतो तर एवढं नुकसान झालं नसतं. शक्य असेल तर चाकांच्या वाटा कायमच्या ठरवून टाका आणि बाकी जमिनीला वजन लागूच देऊ नका.

पायरी ७: अन्नद्रव्यांचा जमाखर्च लिहा

गळती थांबली की भर घालायचा प्रश्न येतो, आणि इथे वहीत दोन रकाने पाडा: गेलं आणि आलं.

गव्हाचं उदाहरण घेऊ. एक टन धान्याबरोबर साधारण २० किलो नत्र (नायट्रोजन) शेताबाहेर जातं. स्फुरद मूलद्रव्याच्या हिशेबात तीन-चार किलो, पालाश (पोटॅशियम) चार-पाच किलो. पण पालाशाचा मोठा भाग धान्यात नसून काडात असतो. म्हणजे काड विकलं किंवा जनावरांना घालून शेण दुसरीकडे वापरलं तर पालाश झपाट्याने कमी होतो, आणि धान्यच विकून काड शेतात ठेवलं तर सावकाश. काड जाळलं तर जवळजवळ सगळा कर्ब आणि नत्र धुरात जातं. राखेत पालाश उरतो खरा, पण ती राख वाऱ्या-पावसाने जागची हलते.

पोत्यावरचे आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. स्फुरद आणि पालाश तिथे ऑक्साइडच्या रूपात लिहिलेले असतात. मूलद्रव्य काढायचं तर स्फुरदाच्या आकड्याला २.२९ ने आणि पालाशाच्या आकड्याला १.२ ने भागा. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे ते २० किलो नत्र सुमारे ४३ किलो युरियात आहे. प्रत्यक्षात त्यातलं सगळं पिकाला मिळत नाही. जमिनीवर उघडा पडलेला युरिया अमोनिया होऊन उडतो, पाण्याबरोबर नायट्रेट खाली झिरपून विहिरींत जातं. उपाय जुनेच आहेत: मात्रा विभागून द्या, मातीआड करा, मोठ्या पावसाच्या तोंडावर टाकू नका. स्फुरद सहसा झिरपत नाही, तो मातीच्या कणांना धरून वाहत्या पाण्याबरोबर जातो आणि तळ्यात शेवाळ माजवतो. पाचव्या पायरीतलं गवत हे असं खतही वाचवतं.

‘आलं’ या रकान्यात आधी फुकटातलं लिहा. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतलं नत्र धरतात. पीक फुलावर आलं की एक रोप हलक्या हाताने उपटा आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर दिसलं तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट दिसली तर नाही. नसेल तर पुढच्या वेळी त्या पिकाचं योग्य जिवाणू संवर्धक बियाण्याला चोळा. असं पीक फेरपालटीत आलं की पुढच्या पिकाला बेवड, म्हणजे आधीच्या पिकाने मागे ठेवलेली सुपीकता, चांगला मिळतो.

मग शेणखत आणि कंपोस्ट. कंपोस्टच्या ढिगात कर्ब आणि नत्राचं प्रमाण २५ ते ३० ला १ असावं. कोरडा, तपकिरी कचरा जास्त आणि ओला, हिरवा कमी ठेवला की ढोबळमानाने जुळतं. ढीग ५५ ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत तापला की तणांची बियाणं आणि बरेचसे रोगजंतू मरतात. तापत नसेल तर पाणी, हवा किंवा नत्र कमी आहे, घाण वास येत असेल तर पाणी जास्त. कच्चं काड मातीत गाडलं तर जिवाणू ते कुजवण्यासाठी मातीतलंच नत्र उचलतात आणि पीक काही काळ पिवळं पडतं, त्यामुळे ते वरच पसरलेलं बरं.

उरलेली तूट विकतच्या खताने भरा, त्यात कमीपणा काही नाही. पण ते खत कुठून येतं हे ठाऊक असलं की हात आपोआप जपून चालतो. नत्र हवेतून घेतात. त्याचा पहिला मोठा कारखाना १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ इथे सुरू झाला आणि आजही या कामाला प्रचंड ऊर्जा लागते. स्फुरद आणि पालाश मात्र खाणीतून येतात. जगातल्या ज्ञात स्फुरद खडकाच्या साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के एकट्या मोरोक्को आणि पश्चिम सहारात आहेत. प्रशांत महासागरातलं नाउरू हे जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं बेट. १९०७ पासून तिथला फॉस्फेट खणून दूरदूरच्या शेतांवर टाकला गेला आणि बेटाचा बहुतेक मधला भाग चुनखडकाचे उघडे सुळके होऊन राहिला आहे. तिथे पुन्हा काही पिकवणं अतिशय अवघड आहे. एका जागेची जमीन सुपीक करायला दुसऱ्या जागेची जमीन गेली, असा तो व्यवहार होता. परीक्षणात स्फुरद भरपूर दिसत असताना सवयीने पोतं ओतणाऱ्याने हे बेट आठवावं.

सेंद्रिय खताबद्दल एक आशेची गोष्टही सांगितली पाहिजे. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथे १८४३ पासून शेतीचे प्रयोग चालू आहेत. तिथल्या बार्लीच्या एका तुकड्याला १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षं शेणखत घातलं आणि मग बंद केलं. कधीच खत न मिळालेल्या शेजारच्या तुकड्यापेक्षा तिथे सेंद्रिय कर्ब त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनीही अधिक आढळला. कर्ब सावकाश वाढतो, दोन-तीन वर्षांत आकडा हलला नाही तर धीर सोडू नका.

पायरी ८: पाणी देत असाल तर क्षारांचा हिशेब

सिंचनाच्या प्रत्येक पाण्यात थोडे क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार राहतात. लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असलेलं पाणी वर्षात एकूण ५०० मिलिमीटर दिलं, तर हेक्टरी अडीच टन क्षार तुम्ही स्वतःच्या हाताने पसरता. पावसाने धुऊन निघायला वाट असेल तर प्रश्न नाही. नसेल तर भूजल वर येतं आणि जमिनीवर क्षारांचा पांढरा थर उमटतो. म्हणून गरजेपुरतं पाणी आणि निचरा या दोन्हींची व्यवस्था एकदमच करा.

तिसऱ्या पायरीत पाणी दुधाळ राहिलं होतं, आणि परीक्षणातही अदलाबदलीच्या सोडियमचं (मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचं) प्रमाण १५ टक्क्यांच्या वर आलं, तर जमीन चोपण आहे. तिथे जिप्सम लागतं. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं. पण सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली आणि बाहेर गेला पाहिजे. पाणी निघायला चर न काढता टाकलेलं जिप्सम वाया जातं.

पायरी ९: जमिनीखालचं काढण्याआधी

दगड, मुरूम, वाळू, विटांची माती: कधी ना कधी कुणी मागायला येतंच, किंवा तळं आणि पाया खणायची गरज पडते. आधी कागद बघा. बऱ्याच देशांत वरच्या जमिनीचा मालक आणि खालच्या खनिजाचा मालक वेगळा असतो, आणि परवानगीशिवाय खणणं गुन्हा ठरतो.

खणायचंच असेल तर वरचा २० ते ३० सेंटिमीटरचा काळसर थर सगळ्यात आधी, कोरड्या दिवसांत, वेगळा काढून ठेवा. त्याखालची माती वेगळ्या ढिगात. वरच्या मातीचा ढीग दोन मीटरपेक्षा उंच नको, नाहीतर आतले जीव हवेवाचून मरतात. त्यावर लगेच काहीतरी पेरून टाका. काम संपलं की आधी खालची माती, मग वरची, याच क्रमाने परत पसरा आणि त्यावरून वाहनं नेऊ नका. दोन्ही थर एकत्र झाले की जमीन गेली असं धरा. विटांसाठी वरचा थर विकणं तर कधीच करू नका.

नदीच्या वाळूबाबत मी कडक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५० अब्ज टन वाळू आणि खडी वापरली जाते. नदीने आणून भरली त्यापेक्षा जास्त उपसली की पात्र खोल जातं, काठ ढासळतात आणि आजूबाजूच्या विहिरींची पातळी खाली उतरते. विहीर तुमचीही असू शकते.

पायरी १०: वही

शेताच्या प्रत्येक तुकड्याला एक पान. पेरणी, खत, पाणी, उत्पन्न, आणि काय बाहेर गेलं ते. माती परीक्षण दर दोन-तीन वर्षांनी, पण त्याच महिन्यात, त्याच खोलीवर, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, नाहीतर आकड्यांतला फरक जमिनीचा की पद्धतीचा हे कळत नाही. गांडुळं आणि मुरण्याचा वेग दरवर्षी एकदा, ठरलेल्या जागी. फोटो एकाच कोपऱ्यातून काढा.

आणि ती पहिल्या पावसातली बरणी फेकू नका. झाकण लावा, तारीख लिहा, फडताळावर ठेवा. पुढच्या वर्षी तेवढ्याच जोराच्या पावसात, त्याच जागी, तेवढीच बरणी भरा आणि दोन्ही शेजारी ठेवून तळाचा थर पट्टीने मोजा.